मिशन दवाखाना, श्रद्धा आणि कायदा: काय विचारायचं, काय सांगायचं आणि केव्हा

वाचकांचे प्रश्न फिरून फिरून तेच असतात. बाळंतपणासाठी मिशन हॉस्पिटलात नाव घातलंय, पण तिथे कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन करत नाहीत म्हणे, खरं का? वडिलांचं व्हेंटिलेटर काढायच्या कागदावर सही केली तर पाप लागेल का? मी ख्रिस्ती नर्स आहे. गर्भपाताच्या टेबलाशी उभी राहणार नाही म्हटलं तर नोकरी जाईल का? विचारणारे सगळे ख्रिस्ती असतात असंही नाही. मिशन दवाखान्याच्या रांगेत सगळ्या जातिधर्मांची माणसं बसलेली असतात आणि त्यातल्या बहुतेकांना त्या दवाखान्याचे नियम ऐन वेळी कळतात.

दुधनीसारख्या गावात या ऐन वेळेला फार किंमत मोजावी लागते. गाव अक्कलकोट तालुक्यात, पण कर्नाटकाची हद्द शेजारीच. रेल्वे एकीकडे सोलापूरला जाते, दुसरीकडे कलबुर्गीला. पेशंटला कुठल्या बाजूला न्यायचं हे नातेवाईक कुठे आहेत, गाडी कुठली मिळते आणि डॉक्टर कोण ओळखीचा यावर ठरतं. एका दारात ‘आमच्याकडे हे होत नाही’ असं ऐकून परत फिरावं लागलं, तर पुढचं दार दुसऱ्या शहरात असतं. म्हणून इथे श्रद्धेच्या खरेखोटेपणाचा वाद घातलेला नाही. कोणती गोष्ट आधी विचारायची आणि कोणती आधी सांगायची, एवढंच पाहायचं आहे.

बेळगावच्या सविताचं काय झालं

सविता हलप्पनवार मूळच्या बेळगावच्या, व्यवसायाने दंतवैद्य, वय ३१. आयर्लंडमधल्या गॉलवे शहरात पतीसोबत राहत होत्या. २१ ऑक्टोबर २०१२ रोजी त्या तिथल्या विद्यापीठ रुग्णालयात दाखल झाल्या तेव्हा १७ आठवड्यांच्या गरोदर होत्या आणि गर्भ टिकणार नाही हे डॉक्टरांना दिसत होतं. त्यांनी गर्भपाताची मागणी केली. गर्भाचे ठोके चालू आहेत, त्यामुळे ते करता येणार नाही, असं उत्तर मिळालं. हा कॅथलिक देश आहे, अशा अर्थाचं वाक्य एका सुईणीने त्यांना ऐकवलं होतं, हे पुढे चौकशीत तिने स्वतः कबूल केलं. सविता हिंदू होत्या. २८ ऑक्टोबरला जंतुसंसर्ग रक्तात भिनून त्यांचा मृत्यू झाला.

चौकशी अहवालांमधून जे बाहेर आलं ते फक्त धर्माचं नव्हतं. संसर्गाची लक्षणं दिसत असताना तपासण्यांवर लक्ष राहिलं नाही. रुग्णाला वाचवण्याच्या १३ संधी हुकल्या, असं आयर्लंडच्या आरोग्य गुणवत्ता यंत्रणेने २०१३ मध्ये नोंदवलं. ‘ठोके बंद होईपर्यंत थांबा’ या भूमिकेमुळे सगळेच थांबून राहिले आणि त्या थांबण्यात आजार पुढे गेला. आयर्लंडच्या कॅथलिक बिशपांनीही नोव्हेंबर २०१२ मध्ये निवेदन काढून स्पष्ट केलं की आईच्या जिवापेक्षा बाळाचा जीव वरचढ मानावा, अशी चर्चची शिकवण नाही. आईवर आवश्यक उपचार करताना गर्भ वाचला नाही तरी ते उपचार चालतात. म्हणजे ज्या शिकवणीच्या नावाने उपचार अडले, त्या शिकवणीतही ते अडवायचं कारण नव्हतं.

आयर्लंडने २५ मे २०१८ च्या सार्वमतात गर्भपातावरची घटनेतली बंदी काढून टाकली. त्यानंतरच्या कायद्यात डॉक्टर-नर्सना सद्सद्विवेकाच्या आधारे बाजूला होण्याची मुभा ठेवली, पण दोन अटी घातल्या: रुग्णाला दुसऱ्याच्या हाती सोपवण्याची व्यवस्था करायची, आणि जिवावर बेतलं असेल तर बाजूला व्हायचं नाही. आपल्याकडे असं कलम नाही. तरी व्यवहारात वागायला या दोन अटी चांगल्या आहेत.

कुठलं चर्च काय म्हणतं: निर्णयापुरतं

‘ख्रिस्ती मत’ असं एकच मत नाही, हे आधी लक्षात घ्या. सोलापुरात अमेरिकन मराठी मिशनने एकोणिसाव्या शतकात काम सुरू केलं; त्या परंपरेतल्या मंडळ्या १९७० नंतर चर्च ऑफ नॉर्थ इंडियात आल्या. कलबुर्गी-बिदरकडे मेथॉडिस्ट मंडळ्या जुन्या आहेत. कॅथलिक चर्चचा सोलापूर जिल्हा पुणे धर्मप्रांतात येतो, तर सीमेपलीकडे २००५ मध्ये झालेला गुलबर्गा धर्मप्रांत आहे. यांची मतं अशी:

- गर्भनिरोधन आणि नसबंदी: कॅथलिक चर्च १९६८ च्या पोपच्या परिपत्रकानुसार कृत्रिम साधनं आणि नसबंदी नाकारतं, नैसर्गिक पद्धत मान्य करतं. प्रोटेस्टंट मंडळ्यांचा कुटुंबनियोजनाला सहसा आक्षेप नसतो.
- गर्भपात: कॅथलिक चर्चचा थेट गर्भपाताला पूर्ण विरोध. प्रोटेस्टंटांमध्ये आईचा जीव, बलात्कार, गर्भातलं गंभीर व्यंग यांबाबत मतं वेगवेगळी. पाळकागणिक उत्तर बदलू शकतं.
- टेस्ट ट्यूब बेबी: कॅथलिक चर्चने १९८७ आणि २००८ च्या दस्तऐवजांत नाकारलेलं. प्रोटेस्टंट दांपत्यं स्वतःच्याच बीजांवर केलेला उपचार बहुधा स्वीकारतात.
- अवयवदान, रक्त, लस: मुख्य प्रवाहातल्या कुठल्याही चर्चची हरकत नाही. करोनाच्या लशींबद्दलची शंकाही व्हॅटिकनने डिसेंबर २०२० मध्ये लेखी निकाली काढली. रक्त नाकारतात ते यहोवाचे साक्षीदार. त्यांची मंडळी वेगळी.
- शेवटच्या आजारात यंत्रं थांबवणं: कॅथलिक आणि प्रोटेस्टंट दोघांतही मान्य. मुद्दाम मारण्याचं इंजेक्शन दोघांनाही अमान्य. याबद्दल पुढे सविस्तर.

नाव घालण्यापूर्वी विचारायचे प्रश्न

सगळ्यात जास्त गोंधळ बाळंतपणाच्या वेळी होतो. दुसरं मूल, सिझेरियन ठरलेलं, त्याच वेळी नसबंदी करून टाकू असा घरच्यांचा हिशेब. रुग्णालय धर्मभगिनी चालवत असतील, तर ते ऑपरेशन तिथे बहुधा होणार नाही, आणि हे कळतं ते टेबलावर घेण्याच्या आदल्या दिवशी. मग बाईला पुन्हा भूल, पुन्हा टाके, पुन्हा रजा.

हे टाळणं अगदी सोपं आहे. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात नाव नोंदवतानाच काउंटरवर नको, थेट डॉक्टरांना विचारा:

१. सिझेरियनसोबत नसबंदी करता का? तांबी बसवता का?
२. गर्भात गंभीर व्यंग निघालं तर पुढचा सल्ला इथे मिळेल, की दुसरीकडे पाठवाल? कुठे?
३. गर्भपात करण्यासाठी या रुग्णालयाला सरकारी मान्यता आहे का?
४. रात्री गुंतागुंत झाली आणि आई-बाळापैकी आईचा जीव धोक्यात आला, तर निर्णय कोण घेतं?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असलं तरी ते बेकायदा नाही. वैद्यकीय गर्भपात फक्त सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणीच करता येतो, आणि खासगी रुग्णालयाने ती मान्यता घेतलीच पाहिजे असं बंधन नाही. तुमचा हक्क एवढाच की हे तुम्हाला वेळेत आणि खरं खरं सांगितलं जावं. ‘आता उशीर झालाय’, ‘कायद्यात बसत नाही’ अशी खोटी कारणं पुढे केली जात असतील, तर तिथे वेळ घालवू नका. नसबंदीसाठी नवऱ्याची सही लागते हाही जुना समज. सरकारी मार्गदर्शक सूचनांप्रमाणे जोडीदाराची संमती आवश्यक नाही.

प्रार्थनेचंही विचारून घ्या. बऱ्याच मिशन रुग्णालयांत सकाळी वॉर्डात प्रार्थना होते. ती नको असेल तर सौजन्याने सांगा, आणि प्रार्थना करणाऱ्यांनीही खाटेवरच्या माणसाला विचारूनच करावी. उपचार त्यावर अवलंबून असता कामा नयेत.

गर्भपाताचा कायदा: चार ओळी पाठ ठेवा

१९७१ चा कायदा २०२१ मध्ये बदलला. त्यानुसार २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत, पात्र डॉक्टरचं मत पुरतं. २० ते २४ आठवड्यांमध्ये दोन डॉक्टरांचं मत लागतं आणि बलात्कारपीडित, अल्पवयीन, विधवा किंवा घटस्फोटित झालेली स्त्री, अपंगत्व असलेली स्त्री, गर्भात व्यंग असणं अशा ठराविक प्रकारांतच ते चालतं. २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित स्त्रीलाही या सवलतीत आणलं. गर्भात मोठं व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळाच्या मताने २४ आठवड्यांनंतरही परवानगी मिळू शकते. आणि आईचा जीव वाचवायला लगेच करणं भाग असेल, तर आठवड्यांची मर्यादा व दोन डॉक्टरांची अट दोन्ही बाजूला पडतात.

सज्ञान स्त्रीची फक्त तिची स्वतःची सही लागते. नवऱ्याची, सासूची, वडिलांची नाही. फादरांची किंवा पाळकांचीही नाही. कायद्यात नसलेले कागद डॉक्टर मागतात याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने त्याच निकालात नाराजी नोंदवली आहे. तिचं नाव गुप्त ठेवणं डॉक्टरवर बंधनकारक आहे.

या सवलती आल्या त्यामागे मुंबईचं एक प्रकरण आहे. २००८ मध्ये निकेता मेहता यांच्या गर्भाच्या हृदयात दोष निघाला, तेव्हा तेव्हाची २० आठवड्यांची मर्यादा उलटून गेली होती. मुंबई उच्च न्यायालयाने परवानगी नाकारली. पुढे त्यांचा गर्भ आपोआप पडला. सोनोग्राफीची तारीख पुढे ढकलू नका असं डॉक्टर सांगतात त्याला हेही एक कारण आहे. व्यंग पाहण्याची तपासणी १८ ते २० आठवड्यांत करून घ्या. निष्कर्षानंतर काय करायचं हे तुमच्या श्रद्धेप्रमाणे ठरवा. बाळ ठेवायचं ठरवलंत तरी ते कुठल्या शहरात जन्माला घालायचं हे आधी कळलेलं बरं.

तुम्ही नर्स किंवा डॉक्टर असाल तर

सद्सद्विवेकाचा प्रश्न सगळ्यात आधी पडला तो सुइणींनाच. बायबलातल्या निर्गम पुस्तकात शिप्रा आणि पुवा या दोन सुइणी नवजात मुलगे मारण्याचा फारोचा हुकूम मोडतात. ख्रिस्ती परिचारिकांच्या सभांमध्ये त्यांचं नाव निघतं ते उगाच नाही. पण त्या दोघींसमोर एक जुलमी राजा होता. तुमच्यासमोर बहुधा घाबरलेली, तापाने फणफणलेली बाई असते. हा फरक विसरला की गॉलवे होतं.

कायद्याचं चित्र असं आहे. घटनेचं २५ वं कलम सद्सद्विवेकाचं स्वातंत्र्य देतं, पण सार्वजनिक सुव्यवस्था, नीती आणि आरोग्य यांच्या अधीन. ब्रिटनच्या १९६७ च्या गर्भपात कायद्यात नकाराचा हक्क देणारं स्वतंत्र कलम आहे. आपल्या कायद्यात नाही. उलट भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेत, सातव्या प्रकरणात, स्पष्ट लिहिलंय की वैद्यकीय गरज असताना केवळ धार्मिक कारणावरून नसबंदी, संततिनियमन, सुंता किंवा गर्भपातात मदत नाकारता येणार नाही. आपल्याला ते काम येत नाही असं डॉक्टरला वाटत असेल तर गोष्ट वेगळी. २०२३ मध्ये नवे नियम आले आणि त्याच महिन्यात स्थगितही झाले, त्यामुळे हेच जुने नियम आजही लागू आहेत. अनेक ख्रिस्ती डॉक्टरांना हे माहीत नसतं, आणि ज्यांना माहीत असतं ते बोलत नाहीत.

याच आचारसंहितेत दुसरंही एक वाक्य आहे: कुणाला रुग्ण म्हणून घ्यायचं हे ठरवायला डॉक्टर मोकळा आहे, मात्र तातडीच्या वेळी त्याने मदत केलीच पाहिजे, आणि एकदा हातात घेतलेला रुग्ण पुरेशी सूचना न देता सोडता येत नाही. म्हणून खासगी डॉक्टरला जागा आहे: हे काम मी करत नाही असं पाटीवर किंवा पहिल्या भेटीतच सांगायचं आणि कुठे होतं तेही सांगायचं. सरकारी नोकरीत ही जागा फार चिंचोळी.

नर्ससाठी वरचा नियम थेट लागू नाही, पण नकाराचा लेखी हक्कही नाही. त्यामुळे जे मिळवायचं ते समजुतीनेच. ते मिळवायचे टप्पे:

- नोकरीला लागतानाच सांगा. ऑपरेशन थिएटरमध्ये किंवा प्रसूती विभागात नेमणूक होण्याआधी मेट्रनशी बोला. नेमणुकीनंतर वर्षभराने, पेशंट टेबलावर असताना सांगितलं तर ती शिस्तभंगाची बाब होऊ शकते.
- नेमकं सांगा. ‘गर्भपाताच्या पेशंटला हात लावणार नाही’ हे श्रद्धेतही बसत नाही. कॅथलिक नीतिशास्त्र प्रत्यक्ष कृतीत भाग घेणं आणि आसपासचं काम यांत फरक करतं. प्रक्रियेत हात असणं वेगळं. रक्तदाब पाहणं, नंतरची शुश्रूषा, रक्तस्राव थांबवणं, नोंदी ठेवणं वेगळं. अर्धवट गर्भपात होऊन आलेल्या बाईची पिशवी साफ करणं हा तर तिच्यावरचा उपचारच आहे.
- लेखी द्या आणि पोच घ्या.
- रुग्णासमोर बोलू नका. तिला उपदेश, तिच्या खाटेशी धर्मचर्चा, दुसऱ्या नर्सकडे नजरेने इशारे: यातलं काहीच श्रद्धेच्या नावावर खपत नाही.

अर्ज असा लिहिता येईल: ‘माझ्या ख्रिस्ती श्रद्धेमुळे ऐच्छिक गर्भपाताच्या प्रत्यक्ष प्रक्रियेत सहाय्य करणं मला शक्य होत नाही. अशा वेळी माझी ड्यूटी दुसऱ्या टेबलावर लावावी, ही विनंती. रुग्णाची आधीची व नंतरची शुश्रूषा मी करीन. रुग्णाच्या जिवाला धोका असेल तेव्हा नेमून दिलेलं कोणतंही काम मी नाकारणार नाही.’ शेवटचं वाक्य गाळू नका. अर्ज मंजूर होण्याची शक्यता त्या वाक्यामुळेच वाढते.

सद्सद्विवेकाच्या नावाखाली कधीच बसणार नाहीत अशाही गोष्टी आहेत. एचआयव्हीबाधित रुग्णाला टाळणं २०१७ च्या कायद्याने मना आहे. बलात्कारपीडितेला लगेच, मोफत उपचार देणं खासगी आणि मिशन रुग्णालयांवरही बंधनकारक आहे; नाकारलं तर भारतीय न्याय संहितेत शिक्षा आहे. अपघाताचा रुग्ण पोलीस येईपर्यंत थांबवून ठेवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच सांगितलं.

आणि एका ठिकाणी श्रद्धा आणि कायदा एकाच बाजूला उभे आहेत. गर्भलिंगनिदान. मार्च २०१७ मध्ये मिरज तालुक्यातल्या म्हैसाळला, कर्नाटक हद्दीपासून जवळच, पुरलेले १९ भ्रूण सापडले. एका विवाहितेचा मृत्यू झाला म्हणून ते उघडकीला आलं. सीमेवरच्या गावांमध्ये पलीकडच्या राज्यात जाऊन तपासणी ‘करून आणण्याचा’ धंदा चालतो, हे गुपित नाही. अशा ठिकाणी काम करत असाल तर तिथे नकार देणं हे कर्तव्यच. तक्रार जिल्हा शल्यचिकित्सकांकडे किंवा तालुक्याच्या समुचित प्राधिकाऱ्याकडे करा.

शेवटच्या आजारात: काय पाप, काय नाही

सोलापूरच्या किंवा कलबुर्गीच्या आयसीयूत आठवडा झाला, डॉक्टर मान हलवतात, बिल वाढतंय. मग घरचे ‘स्वतःच्या जबाबदारीवर’ सही करून पेशंटला गाडीत घालून गावी आणतात आणि वाटेत किंवा घरी पोचल्यावर नळी निघते. हे सर्रास होतं. यात रुग्णाला वेदनाशामक मिळत नाही, ऑक्सिजन संपतो आणि घरच्यांच्या मनात आपणच मारलं ही टोचणी राहते. हा मार्ग घेऊ नका. कायदेशीर मार्ग आहे आणि चर्चचीही त्याला हरकत नाही.

पोप बारावे पायस यांनी १९५७ मध्ये भूलतज्ज्ञांपुढे बोलताना सांगितलं की बरं होण्याची आशा नसताना असाधारण साधनं चालू ठेवण्याचं बंधन नाही, आणि वेदना शमवण्यासाठी दिलेल्या औषधाने आयुष्य थोडं कमी झालं तरी ते औषध देता येतं. १९८० च्या व्हॅटिकनच्या जाहीरनाम्यात हेच पुन्हा आलं. त्यामुळे मॉर्फिनला घाबरू नका. मॉर्फिन म्हणजे मारण्याचं इंजेक्शन नव्हे, आणि योग्य मात्रेत दिलं तर सवय लागण्याची भीती मरणाच्या दारातल्या माणसाबाबत अनाठायी आहे. अमली पदार्थविरोधी कायद्याच्या २०१४ च्या दुरुस्तीनंतर मान्यताप्राप्त संस्थांना ते ठेवणं सोपं झालं आहे.

एक बारीक मुद्दा कॅथलिक कुटुंबांसाठी. नळीवाटे अन्नपाणी देणं हे यंत्र आहे की साधी शुश्रूषा? भारतीय न्यायालय ते थांबवता येणारा उपचार मानतं. पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००४ मध्ये ते, सर्वसाधारणपणे, साधी शुश्रूषा मानलं. शरीर ते स्वीकारत नसेल किंवा मरण अगदी जवळ असेल तर गोष्ट वेगळी. निर्णयाआधी फादरांना हा एकच प्रश्न नेमका विचारा. ‘व्हेंटिलेटर काढू का’ असं मोघम विचारलं तर उत्तरही मोघम मिळेल.

या देशातलं पहिलं हॉस्पिस, म्हणजे बरं न होणाऱ्या कर्करुग्णांसाठीचं सेवाघर, मुंबईत वांद्र्याला १९८६ मध्ये सुरू झालं: शांती आवेदना सदन. कर्करोगतज्ज्ञ डॉ. लुईस डिसूझा यांनी ते उभारलं, धर्मभगिनी रुग्णांची सेवा करतात आणि दार सगळ्या धर्मांना उघडं आहे. मरण लांबवायचंही नाही, घाईने आणायचंही नाही, ही ख्रिस्ती भूमिका प्रत्यक्षात पाहायची तर ती तिथे दिसते. सोलापूर जिल्ह्यात कर्करोगासाठी बार्शीचं नर्गिस दत्त स्मारक रुग्णालय आहे. देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ मध्ये बार्शीतच सुरू झाली. वेदनाशामक उपचारांची चौकशी तिथे आणि सोलापूरच्या सिव्हिलमध्ये करा. चौकशी आजाराचं नाव कळल्यावर करा. शेवटच्या आठवड्याची वाट पाहू नका.

लिव्हिंग विल कसं करायचं

केईएम रुग्णालयाच्या परिचारिका अरुणा शानबाग १९७३ च्या हल्ल्यानंतर ४१ वर्षांहून जास्त काळ अंथरुणाला खिळून होत्या. त्यांना जगवणारे उपचार थांबवावेत ही याचिका ७ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. केईएमच्या परिचारिकांना त्यांची सेवा करत राहायचं होतं आणि न्यायालयाने त्यांचं म्हणणं मोठं मानलं. पण त्याच निकालाने, असाध्य अवस्थेत उपचार थांबवणं तत्त्वतः मान्य केलं. ९ मार्च २०१८ च्या निकालाने लिव्हिंग विलला, म्हणजे शुद्धीत असताना लिहून ठेवलेल्या वैद्यकीय इच्छापत्राला, मान्यता दिली आणि २४ जानेवारी २०२३ च्या आदेशाने पद्धत सोपी केली.

- सज्ञान आणि मानसिकदृष्ट्या सक्षम अशी कुणीही व्यक्ती साध्या कागदावर लिहू शकते. कोणते उपचार कोणत्या अवस्थेत नकोत, हे स्पष्ट लिहा. कॅथलिकांनी अन्ननळीबद्दलची आपली इच्छा वेगळ्या ओळीत लिहावी.
- तुम्ही बोलू शकणार नाही तेव्हा तुमच्या वतीने निर्णय घेणाऱ्या एक किंवा अधिक जवळच्या माणसांची नावं घाला.
- दोन साक्षीदारांच्या सह्या, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर साक्षांकन. न्यायाधीशांकडे जाण्याची गरज आता उरलेली नाही.
- एक प्रत घरच्यांना, एक फॅमिली डॉक्टरला, एक नगरपरिषद किंवा ग्रामपंचायतीने नेमलेल्या अभिरक्षकाला, म्हणजे असे कागद जपून ठेवणाऱ्या अधिकाऱ्याला.

मुंबईचे स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. निखिल दातार यांनी उच्च न्यायालयात जनहित याचिका केल्यानंतर महाराष्ट्रात असे अभिरक्षक नेमण्याचं काम हललं. गोव्यात मे २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाचे न्या. महेश सोनक यांनी स्वतःचं इच्छापत्र नोंदवून सुरुवात केली. कर्नाटक सरकारने ३० जानेवारी २०२५ रोजी रुग्णालयांना यासंबंधी परिपत्रक काढलं. तेव्हा कलबुर्गीच्या रुग्णालयात ‘आमच्याकडे असं काही नसतं’ म्हणाले, तर त्या परिपत्रकाचं नाव घ्या.

प्रत्यक्ष वेळ येते तेव्हा रुग्णालयाचं एक मंडळ (उपचार करणारे डॉक्टर व किमान दोन तज्ज्ञ) आणि जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेल्या डॉक्टरसह दुसरं मंडळ निर्णय देतं. प्रत्येकाने शक्यतो ४८ तासांत द्यायचा असतो. मग प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवून उपचार थांबवले जातात. इच्छापत्र नसेल तरी नातेवाइकांच्या संमतीने याच पद्धतीने जाता येतं. मंडळांनी नकार दिला तर उच्च न्यायालय आहे. मुद्दाम जीव घेणारं इंजेक्शन मात्र आजही गुन्हाच.

प्रार्थनेने औषध बंद करू नका

प्रार्थनासभेहून आल्यावर इन्सुलिन सोडलं, टीबीच्या गोळ्या बंद केल्या, अशा घटना घडतात. एकाही जबाबदार चर्चची तशी शिकवण नाही. शुभवर्तमान लिहिणारा लूक स्वतः वैद्य होता, आणि मिरजेला १८९४ मध्ये रुग्णालय उघडणाऱ्या डॉ. वानलेस यांनी प्रार्थनेसोबत चाकूही चालवला. सभेत कुणी औषध टाकायला सांगत असेल तर त्या माणसापासून दूर राहा आणि डॉक्टरला कळवा.

तक्रार कुठे

महाराष्ट्रात २०२१ च्या नियमांनुसार खासगी रुग्णालयांनी रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावायची असते. दुसरं मत घेण्याचा, संमतीआधी माहिती मिळण्याचा हक्क त्यात आहे, आणि बिलासाठी मृतदेह अडवून ठेवता येत नाही. मिशन रुग्णालयही यातून सुटत नाही. केसपेपरच्या प्रती मागितल्यापासून ७२ तासांत मिळायला हव्यात. आधी रुग्णालयाच्या प्रशासकाकडे लेखी द्या, मग ग्रामीण भागासाठी जिल्हा परिषदेच्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे किंवा जिल्हा शल्यचिकित्सकांकडे. डॉक्टरच्या वर्तनाबद्दल महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे. उपचार कलबुर्गीत झाले असतील तर तक्रार कर्नाटकातल्याच यंत्रणेकडे जाते. सोलापूरला दिलेला अर्ज नुसता फिरत राहतो.

घरात कुणी गरोदर असेल तर वरचे चार प्रश्न पुढच्या तपासणीला जाताना चिठ्ठीवर लिहून न्या. आणि घरात कुणी म्हातारं असेल, तर दुधनी नगरपरिषदेत जाऊन इच्छापत्र कुणाकडे जमा करायचं, हे याच महिन्यात विचारून घ्या.